कोयत्यांच्या यादीत मुलांचा रकाना हवा

दिवाळी सरली की कृष्णा-वारणेच्या काठी ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिवकडून येतात, आमच्या सांगली जिल्ह्यातल्याच जत तालुक्यातूनही येतात. कऱ्हाडपासून पलूसपर्यंत रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या भरावावर, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. मी ऊसउत्पादक सभासदाच्या घरातली आहे. या लोकांनी तोडलेल्या उसावर आमचं घर चालतं, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते आधी मला आणि माझ्या घराला लागू आहे.

त्यांच्याबरोबर लहान मुलं येतात. गावाकडे म्हातारी माणसं असली तर शाळेतली मुलं मागे ठेवता येतात, पण अंगावरचं मूल मागे ठेवता येत नाही. नोव्हेंबर ते मार्च ही मुलं आमच्या शिवारात राहतात. इथे ती आजारी पडतात, काही इथेच जन्मतात. या पाच महिन्यांत त्यांना लस कोणी द्यायची, त्यांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे कोणी पाहायचं, जुलाब लागले तर ओआरएसची पुडी कोणाकडे मागायची, याची जबाबदारी आजही नेमकी कोणावर नाही. ती कारखान्यावर टाकावी आणि गाळप परवान्याच्या अटींमध्ये लिहून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टोचायचं काम आरोग्य खात्याचंच राहील. पण मुलं किती आहेत, कुठे आहेत आणि कोणत्या वेळी सापडतील, हे ज्याला माहीत आहे त्याने ते सांगितलंच पाहिजे.

आधी महिन्यांचं गणित मांडते, कारण सगळं घोडं तिथे अडतं. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मल्यावर लगेच बीसीजी, कावीळ ब आणि पोलिओ. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस), पोलिओ, रोटाव्हायरस. न्यूमोकोकलचे डोस दीड आणि साडेतीन महिन्यांना. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. आता हे वेळापत्रक हंगामावर ठेवून पाहा. फेब्रुवारी ते जून या काळात जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नोव्हेंबर ते मार्चमध्ये भरतात, म्हणजे गोवराची पहिली सुई नेमकी फडावर असताना येते. ऑगस्ट ते जानेवारीत जन्मलेल्यांचा दीड, अडीच, साडेतीन महिन्यांपैकी एखादा तरी डोस हंगामात पडतो, काहींचे तिन्ही. उरला जुलै. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी एका महिन्यात जन्मलेलं मूल तेवढं पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी घरी राहून घेऊ शकतं.

यावर कोणी म्हणेल, एप्रिलमध्ये गावी गेल्यावर राहिलेले डोस घेता येतातच की. काही येतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, पोलिओही. पण रोटाव्हायरसचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला नाही तर ती लस त्या मुलाला कधीच मिळत नाही. पेंटाव्हॅलंटचंही तसंच, पहिला वाढदिवस उलटला की ती सुरू करता येत नाही, मग नुसती तीन आजारांवरची डीपीटी. रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांच्या जुलाबांचं एक मोठं कारण. ज्या मुलाला कालव्याकाठी, उघड्यावरच्या घाणीशेजारी राहायचं आहे त्याच्याच वाट्याची ही लस निसटते. शिवाय धोका पुढे ढकलता येत नाही. डोस एप्रिलमध्ये मिळाला तरी जानेवारीत शेजारच्या कोपीतला गोवर काही एप्रिलपर्यंत थांबत नाही.

गोवर हवेतून पसरतो. रोगी मूल खोकून निघून गेलं तरी विषाणू त्या जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशांमध्ये एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस झालेले असावे लागतात, तेव्हा कुठे साखळी तुटते. आपल्याकडे गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि चार दिवसांचा ताप, असा समज पक्का आहे. घराघरांत कडुलिंबाचा पाला टांगून, फोडणी बंद करून तो निभावला जातो आणि कोणाला सांगितलंही जात नाही. पण कुपोषित मुलाला गोवर झाला की मागोमाग न्यूमोनिया आणि जुलाब येतात, डोळे जाऊ शकतात. गोवर आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली ताकदही पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे कितीतरी महिने ते मूल साध्या साध्या आजारांना बळी पडत राहतं. जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस, दोन दिवस लागोपाठ दिले तर जीव आणि दृष्टी वाचण्याची शक्यता बरीच वाढते. तेही तेव्हाच, जेव्हा मूल कोणाच्या तरी नजरेस पडतं.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये, मालेगावात आणि भिवंडीत गोवराची साथ आली होती. तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट पुढे आली, ती म्हणजे डोस राहिलेली मुलं एकाच जागी दाटीने राहत होती. मुंबई होती म्हणून बातम्या झाल्या. एखाद्या तळावरच्या शंभर कोप्यांमध्ये असं झालं तर पुरळ आलेलं मूल कोपीत झाकून ठेवलं जाईल, टोळी दुसऱ्या गावाच्या फडावर हलेल, आणि साथ होती हेसुद्धा कळणार नाही.

आमच्या भागातल्या आरोग्य सेविकेबरोबर मी एका संध्याकाळी तळावर गेले होते. तिच्याजवळ निळा व्हॅक्सिन कॅरियर होता, आत चार आइस पॅक. तिला माहीत होतं की सकाळी गेलं तर तळ रिकामा असतो. माणसं पहाटे तीन-चारला फडात जातात, गाडी भरून कारखान्यावर खाली करून परतायला अंधार पडतो, कधी मध्यरात्र होते. एका कोपीत बाजेला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत सातआठ महिन्यांचं बाळ होतं. आईने चूल पेटवली होती, आणि लाकडाचा धूर झोळीपर्यंत जात होता. सेविकेने कार्ड मागितलं. “कार्ड गावाकडं, सासूपाशी पेटीत हाय ताई.” किती सुया झाल्या? “दोन झाल्या का तीन, ध्यानात नाही.” मग आज एक देऊन टाकू, असं सेविका म्हणाली तेव्हा ती बाई बराच वेळ गप्प राहिली. “सुई दिली की लेकराला ताप येतो. मंग उद्या मी फडात कशी जाऊ? खाडा पडंल.”

त्या ‘खाडा पडंल’चा हिशोब करून पाहा. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे जोडीची दिवसाची मजुरी साडेपाचशे ते सव्वासातशे रुपयांच्या घरात जाते. बाई घरी राहिली तर एकट्या पुरुषाने तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडी भरत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा दोघांचाही दिवस बुडतो. वर टोळी आणणाऱ्या मुकादमाचा खाडा वेगळा कापला जातो. हंगामाआधी घेतलेली उचल अंगावर असते आणि ती फिटल्याशिवाय सुटका नसते. अशा बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात बुधवारी सकाळी या म्हणून सांगणं म्हणजे तिला न सांगितल्यासारखंच आहे. तिला लसीचं महत्त्व कळत नाही, असं आपण फार सहज म्हणतो. मी पाहिलेल्या बाईला ते पुरतं कळत होतं, तिच्या हिशोबात फक्त उद्याचा दिवस बसत नव्हता.

त्या संध्याकाळी सेविकेने बाळाला पॅरासिटामॉलचे थेंब दिले, किती आणि कधी द्यायचे ते चमच्यावर खूण करून दाखवलं, सुई दिली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिली, कारण सुईनंतर मुलावर अर्धा तास लक्ष ठेवायचं असतं. ती मुळात हे काम तिच्या ठरलेल्या वेळेबाहेर करत होती. तिची दिवसाची यादी वेगळी असते. तिच्या उपकेंद्राच्या गावांची लोकसंख्या, त्यावरून काढलेली अपेक्षित जन्मसंख्या, त्यावरून ठरलेलं लसीकरणाचं लक्ष्य. त्या आकड्यात कोपीतलं मूल नसतं. त्याचं नाव असतं ते दोन-तीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या सेविकेच्या वहीत, ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून. तिथली म्हणते, मूल गावात नाही. इथली म्हणते, मूल माझ्या यादीत नाही. दोघीही खरं सांगतात.

अंगणवाडी आणि शाळेतून चालणाऱ्या मोहिमांचंही असंच होतं. जंतनाशक दिन दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. फेब्रुवारीची गोळी मिळते अंगणवाडीत आणि वर्गात, आणि कोपीतलं मूल त्या दिवशी दोन्हीकडे नसतं. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी. तिचा पहिला भर शाळांवर होता. मोहीम निघाली त्याच महिन्यात टोळ्या निघाल्या होत्या.

आता पाण्याबद्दल. गावच्या टाकीत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन पोहोचलं असं धरतो. ही व्यवस्था ढिली असली तरी आहे, आणि ती उभी राहायला या भागाने कष्ट घेतले आहेत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी ग्रामविकास मंत्री असताना उभं केलं ते आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. सातारा-सांगलीची गावं त्या अभियानात चढाओढीने उतरली, बक्षिसं मिळाली, वेशीवर हागणदारीमुक्तीचे फलक लागले. तळ त्या वेशीच्या बाहेर आहे. तिथे नळ नाही, संडास नाही. पाणी कुठून येतं? जवळच्या शेतातल्या मोटरच्या पाइपमधून, कालव्यातून, कधी शेतकऱ्याने मेहरबानी केली तर त्याच्या बोअरवरून. ते प्लास्टिकच्या बॅरलमध्ये साठतं, झाकण बहुधा नसतं, आणि ज्या तांब्याने बैलांना पाणी दाखवलं तोच परत आत बुडतो. एका टोळीला हंगामभर पुरेल इतकं मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण), झाकणाची टाकी आणि लांब दांड्याचं ओगराळं यांचा खर्च उसाच्या एका ट्रॉलीच्या किमतीपुढे काहीच नाही. हे द्यायला संशोधन लागत नाही, नवीन योजना लागत नाही.

आणि ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले तेव्हा बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती ते पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. साखरेबरोबर मीठ आतड्यातून शोषलं जातं आणि मिठामागे पाणी येतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. ही पद्धत जगाला पटली ती अशाच छावणीतून, जिथे खाटा नव्हत्या, डॉक्टर अपुरे होते, आणि मूल आईच्या मांडीवर होतं. पन्नासहून अधिक वर्षांनंतर साखर पिकवणाऱ्या या पट्ट्यात, कारखान्याच्या धुराड्याखालच्या कोपीत, जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी तोडलं जातं, कारण ‘पाणी दिलं की आणखी होतंय’. मग दोन दिवसांनी डोळे खोल गेलेलं, टाळू बसलेलं मूल उचलून तालुक्याच्या गावी धावपळ, एक बाटली सलाईन, दोन इंजेक्शनं आणि मुकादमाकडून आणखी उचल. प्रत्येक कोपीत ओआरएसच्या दोन पुड्या आणि झिंकच्या गोळ्यांची चौदा दिवसांची पट्टी आधीच दिलेली असली, लिटरभर पाणी मोजायला एक बाटली दाखवून ठेवली असली, तर यातलं बरंचसं टळतं. मिरजेसारखं वैद्यकीय गाव या जिल्ह्यात आहे. १८९४ मध्ये तिथे विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभं केलं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लांबलांबून रोगी येतात. मोठ्या उपचारांची आपल्याकडे कमतरता नाही. पुडी कोपीपर्यंत जात नाही, ही अडचण आहे.

न्यूमोनियाचंही थोडक्यात. पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला पाचटावर निजवलेलं मूल आणि रात्री चुलीचा धूर, यात श्वास बिघडायला फार वेळ लागत नाही. बाळाचं पोट उडतंय, असं आया म्हणतात आणि ते लक्षण त्या अचूक ओळखतात. दोन महिन्यांवरच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला की उशीर करायचा नसतो. पण रात्री अकरा वाजता कोणाला फोन करायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

‘हे होणं शक्य नाही’, असं कोणी म्हणू लागलं की मला पोलिओ आठवतो. भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ते नुसत्या बूथवर डोस पाजून झालेलं नाही. एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, ऊसतोडीच्या तळावर माणसं गेली. ज्या वस्त्या कोणाच्याच नकाशात नव्हत्या त्यांच्या याद्या केल्या, मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण पाहून मोजणी केली. फिरत्या माणसांची मुलं सापडतात, हे या देशाने करून दाखवलं आहे. फरक एवढा की पोलिओचे थेंब कोणीही स्वयंसेवक पाजू शकतो, सुईला प्रशिक्षित हात आणि थंड पेटी लागते. म्हणून तर सुईच्या बाबतीत यादी जास्त महत्त्वाची. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका मुलासाठीही कुपी फोडावी असा नियम आहे, तरी सेविकेचा हात अडखळतो, वाया गेलेल्या डोसांचं उत्तर तिलाच द्यावं लागतं. पण आज या तळावर नऊ महिन्यांवरची अकरा मुलं आहेत, हे तिला आधी कळलं तर हा प्रश्नच उरत नाही.

आणि ती यादी जवळजवळ तयार आहे. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या शेतकी विभागाकडे करार झालेले असतात. कोणता मुकादम, कोणत्या गावचा, किती कोयते, बैलगाड्या किती, ट्रॅक्टरच्या टोळ्या किती, कोण कोणत्या गटाला दिला. कोणत्या टोळीने आज कोणाच्या शेतात कोयता लावायचा हे स्लिपबॉय रोज सांगतो. गाडी काट्यावर आली की त्या टोळीचं वजन किलोपर्यंत नोंदलं जातं. टोळी एका गावातून दुसऱ्या गावात हलली तर ते कारखान्याला त्याच दिवशी कळतं, आरोग्य केंद्राला हंगाम संपेपर्यंत कळत नाही. या नोंदीत एक रकाना वाढवायचा आहे. पाच वर्षांखालची मुलं किती, त्यांच्या जन्मतारखा, आणि गरोदर बाई आहे का. दर पंधरा दिवसांनी ती यादी त्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे. महिन्यातून एकदा प्रत्येक तळावर संध्याकाळी लसीकरणाचं सत्र व्हावं, सेविकेला न्यायला-आणायला कारखान्याची गाडी असावी, आणि सुईच्या दुसऱ्या दिवशी आईला खाडा लागणार नाही, हे कराराच्या कागदावरच असावं.

कार्ड गावाकडे राहतं, या अडचणीला आता उपाय आहे. ‘यू-विन’ या पोर्टलवर मुलाचे डोस मोबाइल नंबरावर नोंदवले जातात आणि देशात कुठेही पाहता येतात. बीडच्या उपकेंद्रात ही नोंद झाली असेल तर वाळव्याच्या सेविकेला ती दिसते आणि इथे दिलेला डोस तिथे दिसतो. अडचण येते ती आईच्या नावावर मोबाइल नसणं, नवऱ्याने नंबर बदलणं, अशा गोष्टींची. म्हणून कागदाचं कार्डही हवं, आणि मार्चमध्ये टोळ्या निघण्याआधी यादी त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राला पाठवायला हवी.

कारखान्याची बाजू मी ऐकली आहे. हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, मुकादमाशी आहे, असं सांगितलं जातं. कागदावर ते बरोबर असेल. पण कोणता फड कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, दर कारखान्यांच्या संघाबरोबर बसून ठरतो, तळाची जागा कारखाना दाखवतो. कामाचा ताबा एवढा ज्याच्याकडे आहे त्याने मुलांच्या बाबतीत तिऱ्हाईत व्हावं, हे मला मान्य नाही. दुसरं म्हणणं असतं की ही सरकारची जबाबदारी आहे. आहेच. म्हणून तर मी लस सरकारनेच द्यावी म्हणते. पण उसाच्या बाबतीत सरकारने कारखान्यावर अटी घातल्या तेव्हाच शेतकऱ्याला काही मिळालं. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यायची, हा नियम कायद्यात आहे म्हणून आपण भांडू शकतो. दर हंगामाला साखर आयुक्तांचा गाळप परवाना घेतल्याशिवाय धुराडं पेटत नाही. त्या परवान्यात तळावरच्या मुलांची यादी आणि पाण्याची सोय ही अट बसवायला कोणाची हरकत असावी?

हार्वेस्टर येणार आहेत, मग टोळ्याच राहणार नाहीत, असंही ऐकते. येत आहेत. पण आमच्याकडचे अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे, लोळलेला ऊस, काळ्या रानातली ओल, यांत यंत्र सगळीकडे चालत नाही. आणि पुढच्या दहा वर्षांत टोळ्या कमी होतील म्हणून या वर्षीच्या बाळाचा डोस चुकला तरी चालेल, असं तर कोणी म्हणणार नाही.

एक भीती मात्र मला खरी वाटते. यादी झाली की तिचा उपयोग दुसऱ्याच कशासाठी होईल, मुलं कामाला लावली म्हणून आईबापांवर कारवाई होईल, किंवा मुकादम लेकुरवाळ्या जोडीला उचलच देणार नाही. असं झालं तर आया मुलं लपवतील आणि आज जेवढी सापडतात तेवढीही सापडणार नाहीत. म्हणून ही यादी फक्त आरोग्यासाठी असावी आणि लहान मूल आहे म्हणून कोयता नाकारला तर त्याला दंड असावा.

गावच्या मंडळींना मी एवढंच विचारते. तुमच्या नातवंडाचं वय पाच महिने असेल तर त्याला गोवराची लस अजून मिळालेली नाही, मिळू शकतही नाही. त्याला राखतं ते आजूबाजूच्या मोठ्या मुलांचं लसीकरण. तुमच्या शेतात तोडीला आलेल्या बाईच्या कडेवरचं मूल आणि तुमचं नातवंड एकाच बांधावर असतात. देशाने गोवर आणि रुबेला २०२६ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. ते कोप्या वगळून होणार नाही. आणि समजा, तळावरचा गोवर आपल्या गावात कधीच आला नाही, तरीही माझी मागणी तीच राहील, कारण ते मूल आपल्या कामासाठी इथे आणलं गेलं आहे.

पैशाचं कारण सांगू नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर प्रतिटन १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याच्या वाट्याचा त्यात एक कोटी येतो. ओआरएसच्या पुड्या, क्लोरीन, सेविकेची गाडी, तळावर जाणाऱ्या आशाताईला सत्रामागे वेगळं मानधन, याला त्यातला किती अंश लागेल?

सप्टेंबरमध्ये कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. दर, काटा आणि बगॅसच्या विजेवर आपण तासन् तास बोलतो, बोलायलाच हवं. या वेळी सभासदांनी एक लेखी प्रश्न आधी द्यावा. गेल्या हंगामात आपल्या तळांवर पाच वर्षांखालची मुलं किती होती, त्यांपैकी किती जणांचे डोस पूर्ण झाले, आणि तळावरच्या पाण्याची तपासणी किती वेळा झाली? अहवालात टनांचा, उताऱ्याचा, गाळपाच्या दिवसांचा आकडा छापलेला असतो. त्याच पानावर हे तीन आकडे छापून यावेत, असा ठराव मांडावा. आमच्या सभेत तो मी मांडणार आहे, आणि सूचक-अनुमोदकाच्या सह्या घ्यायला ऑगस्टमध्येच सुरुवात करणार आहे.